विमानाला नेसवलेली साडी

साडीच्या दुकानात उभा जन्म घालवलेल्या माणसाला कात्री बघवू नये, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर पटलं नसतं. पण आमचे काका कात्री निघाली की तोंड फिरवायचे.

मुंबईत दादरच्या हिंदमाता बाजारात, साड्यांच्या एका दुकानात मी बिलिंगच्या कॉम्प्युटरवर लागलो, तेव्हा काका तिथले हेडसेल्समन होते. मी तालुक्याच्या गावातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेलो. घरात पदवी घेणारा मी पहिलाच, म्हणून गावात मारुतीच्या देवळात माझा टॉवेल-टोपी देऊन सत्कार झाला होता. त्या फिजिक्सचं मुंबईत नेमकं काय करायचं, हे मात्र सत्कार करणाऱ्यांनी सांगितलं नव्हतं. काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काय शिकलास?" मी सांगितलं. "म्हणजे सायन्स," ते म्हणाले, आणि माझं बारसं उरकलं. "ए सायन्स, पंखा का कुरकुरतोय बघ." "सायन्स, चहा इतक्यात गार कसा होतो रे?" मी मनापासून उत्तर द्यायचो आणि उत्तर संपायच्या आत ते चहा संपवायचे. राग आला की ते मला 'अहो साहेब' म्हणत. त्यांचा राग नेहमी आदराच्या वाटेनेच बाहेर पडायचा.

दुकानात शिरल्या शिरल्या डाव्या हाताला पहिली गादी. पांढरीशुभ्र चादर, मागे लोड, आणि लोडाला न टेकलेले काका. गिऱ्हाईक समोर बसलं की ते घडीची साडी उचलत, मनगटाला एक झटका देत, आणि साडी हवेत सरळ पसरून पदर बरोबर बाईंच्या मांडीपुढे येऊन टेकायचा. पदराला हात लावून तो सारखा करताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. गिरगावातून, परळमधून बायका "ते पहिल्या गादीवरचे काका आहेत का?" असं विचारत यायच्या. ते नसले तर "मग उद्या येतो" म्हणून सरळ समोरच्या दुकानात उसाचा रस प्यायला जायच्या.

कापड कापायचं नाही, हा काकांचा नेम. कारण विचारलं तर म्हणत, "विणणाऱ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठे न तुटता आणली. मी मध्येच तोडणारा कोण?" गिऱ्हाइकाने ब्लाऊजपीस वेगळा करून मागितला की ते कटिंगच्या पोराला हाक मारत. हा लालबागचा, माझ्याच वयाचा, तोंडाने कात्रीहून धारदार. तो कापायचा आणि काका समोरचं टोक धरून द्यायचे, कारण कापड त्यांच्याइतकं सरळ ताणून धरायला दुसऱ्या कोणाला यायचं नाही. पण धरायचे डोळे मिटून. कर्र आवाज थांबला की डोळे उघडायचे आणि एक घोट पाणी प्यायचे.

नेम दुकानापुरता असता तर ठीक होतं. त्यांनी घेतलेलं पँटचं कापडसुद्धा कापून कमी करायला शिंप्याला मनाई होती. जास्तीचं सगळं आत दुमडायचं. त्यामुळे काकांच्या पँटचा खालचा भाग गोधडीसारखा जाड असायचा, आणि ते चालताना थांबले तरी पँट थोडी पुढे जाऊन मग थांबायची. नायगावच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत दाराचा पडदा दारापेक्षा बराच लांब होता. तो वर दुमडून, पुन्हा दुमडून टाचलेला. मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा काकू ताट वाढत म्हणाल्या, "आमच्याकडे माणसं दोन आणि दुमडी छप्पन. जपून बस, चादरीची दुमड पायात येते."

"दुमडलेलं कधीतरी उलगडता येतं," काका शांतपणे म्हणाले. "कापलेलं येतं का?"

"कधी उलगडलंय एवढ्या वर्षांत?" काकूंनी विचारलं. काकांनी सोलकढी मागितली.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पहिला पगार झाला तेव्हा आईसाठी साडी घ्यायची म्हणून मी त्यांच्या गादीपुढे बसलो, गिऱ्हाइकासारखा. माझी नजर काचेतल्या एका चमचमणाऱ्या साडीवर होती. काकांनी तिकडे पाहिलंही नाही. "आई घरात काय काम करते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चुलीपुढे असते, गोठ्यात असते, पाणी आणते. "मग तिला न घसरणारी दे. दर दोन मिनिटांनी पदर सावरायला लागला तर तुझी आठवण शिव्यांसकट काढील." त्यांनी एक गडद हिरवी सुती साडी काढली, माझा हात धरून तिच्यावरून फिरवला आणि म्हणाले, "डोळे मीट. आता बोल." मला कापडातलं काही कळत नव्हतं. पण डोळे मिटल्यावर आईचा हातच हाताला लागल्यासारखं झालं. ती साडी आईने इतकी वापरली की तिचा रंग कुठला होता यावर आता घरात वाद होतो.

तर, विमान.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी दुकानाच्या शेठना नवी कल्पना सुचली. तयार साड्या, म्हणजे निऱ्या आधीच शिवलेल्या, कमरेला हूक आणि बाजूला चेन. "एअरपोर्टला जायचंय, टाइम नाय, पाच मिनटात नेसा," असं शेठ समजावत होते. काका 'साडीला चेन' हे शब्द ऐकून पाणी प्यायला उठले होते. या साड्यांसाठी दाराशीच उभा काउंटर करायचा, म्हणजे पहिली गादी काढायची, आणि काउंटरवर काकांनीच उभं राहायचं, असं ठरलं. दर्शनी काचेत एक विमान टांगायचं. काका दिवाळीला चाळीचा आकाशकंदील करतात हे शेठना माहीत होतं, म्हणून विमानाचं कामही त्यांच्याच गळ्यात.

"टांगायचं?" काका म्हणाले. "टांगायला ती काय कोंबडी आहे, शेठ? विमान म्हणजे उडालं पाहिजे."

सगळं दुकान हसलं. शेठही हसले. "मग उडवा ना काका! उडलं तर गादी तुमची, जिथे आहे तिथेच. नाय उडलं तर चुपचाप काउंटरला उभं राहायचं. चलेगा?"

"चलेगा," काका म्हणाले.

शेठना त्याच क्षणी कोणाचा तरी फोन आला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले. त्यांच्या बाजूने ती मस्करी होती. काकांच्या बाजूने तो शब्द होता. आणि दिलेला शब्दही ते कधी मधून तोडत नसत.

विमान बांधायला काकांनी कंदिलाचीच रीत वापरली. बांबूच्या कामट्या, दोरा, खळ. सांगाडा सुबक झाला, हे कबूल करायला हवं. मोटर आणली ती आमच्याच काचेतली. काचेतल्या बाहुलीचा पदर हलता दिसावा म्हणून तिच्या मागे एक छोटा पंखा लावलेला असायचा, त्याची, पात्यांसकट. म्हणजे जिने आजवर फक्त पदर हलवला होता, तिने आता विमान उचलायचं. वर खेळण्यातली छोटी बॅटरी. दुकानात मोकळं सोडलं तर आरशावर जाईल, म्हणून मधोमध साड्या लावायचा लोखंडी स्टँड ठेवला, त्याच्या दांड्यात काकूंची एक जुनी बांगडी सैल अडकवली आणि बांगडीला दोऱ्याने विमान बांधलं. जत्रेतल्या चक्रासारखं ते स्टँडभोवती गोल फिरणार आणि फिरता फिरता उठणार, असा बेत.

इथवर माझ्या फिजिक्सची काही तक्रार नव्हती. मग काकांनी विमानाला कापड चढवलं.

"कागद लावू या ना काका, कंदिलाचा," मी म्हटलं.

"साड्यांच्या दुकानाचं विमान आणि कागदाचं? लोक काय म्हणतील?"

त्यांनी पिशवीतून एक अंजिरी रंगाची, झुळझुळीत जुनी साडी काढली. सबंध. विमान लांबीला माझ्या हाताएवढं, आणि साडी साडीएवढी. काकांनी आधी पंखांवरून एक फेरा नेला, मग पोटावरून, मग उरलेल्याच्या निऱ्या केल्या आणि त्या विमानाच्या पोटात नीट खोचल्या. पदर शेपटीवरून काढला. कटिंगवाला लांबून बघत होता. तो म्हणाला, "काका, फॉल-पिको करून आणू का याला?"

शेठ जाता जाता थांबले. "काका, विमानला साडी नेसवली की काय?"

"मग? ते काय उघडं उडणार?"

मी ते हातात घेऊन पाहिलं. ते विमान नव्हतं, परटाकडे द्यायचं बोचकं होतं.

दुकानाला सुट्टी असे त्या दिवशी किल्ली घेऊन काका, कटिंगवाला आणि मी असे तिघं यायचो. फरशी मोकळी करायची, बटण दाबायचं. पंख्याची मोटर जिवाच्या आकांताने भुणभुणायची आणि अंजिरी विमान स्टँडभोवती खुरडत निघायचं. एक फेरी, दोन, दहा. उठायचं नाव नाही. फरशी मात्र झाडल्यासारखी स्वच्छ व्हायची.

"प्रदक्षिणा चालल्यात," कटिंगवाला म्हणायचा. "एकशे आठ झाल्या की प्रसाद वाटू."

"काका, वजन जास्त आहे," मी म्हणायचो.

"वजन नाही रे, ताकद कमी आहे."

"दोन्ही एकच."

"एकच कसं? दोष कोणाचा ते बदलतं ना."

हे आमच्या पुस्तकात नव्हतं.

वजन त्यांनाही कळत होतं, हे पुढच्या सुट्टीला लक्षात आलं. चाकं काढून त्या जागी शर्टाची बटणं आली. कामट्या काचेच्या तुकड्याने तासून काडीएवढ्या झाल्या. पहिल्या दिवशी हौसेने बांधलेली लिंबू-मिरची त्यांनी हात जोडून, माफी मागून सोडवली. एकदा तर त्यांनी स्वतःच्या चपला काढून ठेवल्या. सगळं सगळं कमी केलं, साडी सोडून. दोऱ्याचं जास्तीचं टोकसुद्धा न तोडता गुंडाळून विमानाच्या नाकात बसवलेलं होतं.

शेवटी मला राहवलं नाही. "काका, साडी कापा. चतकोरही लागणार नाही. बाकीची काढून टाका, आपसूक उठेल."

त्यांनी विमान खाली ठेवलं. "अहो साहेब," ते म्हणाले, "तुमचं बिलिंग बघा तुम्ही."

त्यानंतर कितीतरी दिवस मी 'अहो साहेब' होतो. "साहेबांना चहा द्या." "साहेब, जरा सरकता का?" माझ्या गावातल्या सत्कारातसुद्धा मला इतका मान मिळाला नव्हता. एका दुपारी गर्दी ओसरल्यावर मात्र ते पहिल्या गादीवर नुसतेच बसलेले दिसले. मी जवळून जाताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "उभ्याने साडी विकता येते, रे. पण उभ्याने ती टाकता येत नाही. बसल्याशिवाय पदर पुढ्यात पडत नाही." 'रे' म्हणाले, म्हणून मला बरं वाटलं. बाकी काहीच बरं वाटलं नाही.

दसऱ्याला सकाळी दुकान धुऊन काढलं होतं. दाराला झेंडूचं तोरण. आतल्या पाटावर पूजा मांडलेली, त्यात मीटरची पट्टी, कार्डाचं मशिन, माझ्या कॉम्प्युटरचा माउस आणि मधोमध कात्री. हळद, कुंकू, वर झेंडूचं टपोरं फूल. भटजी पूजा सांगून गेले होते. दाराशी दोन सुतार नव्या काउंटरच्या फळ्या घेऊन उकिडवे बसले होते, शेठ आले की गादी उचलायला. आणि काका स्टँडजवळ मांडी घालून विमानाच्या निऱ्या सारख्या करत होते.

तेवढ्यात काकू आल्या. हातात आपट्याची पानं आणि शिऱ्याचा डबा. दुकानात त्या वर्षातून याच दिवशी यायच्या. मला सोनं दिलं, डबा ठेवला, आणि त्यांची नजर विमानावर गेली.

"ही माझी अंजिरी," त्या म्हणाल्या.

काकांचा हात थांबला.

"अहो, ही पॉलिशला दिलीय म्हणालात ना?"

"पॉलिशच..." काका म्हणाले, "चाललंय."

कटिंगवाला तोंड धरून मागच्या खोलीत पळाला.

"किती वर्षं सांगत्येय, ही अंगावर राहत नाही आता माझ्या, घसरते," काकू माझ्याकडे वळून सांगू लागल्या. "म्हटलं अभ्रे करते, पडदा करते. तर नाही, सबंध साडी आहे, कापायची नाही. पेटीत दुमडून ठेव. आणि विमानाला नेसवली! उडतंय तरी का?"

"नाही," मी म्हटलं. मग पैज, गादी, सुतार, वजन, सगळंच सांगितलं. काका मध्ये एकदाच बोलले, "ताकद कमी आहे."

काकूंनी ऐकून घेतलं. "किती लागेल रे याला?"

"चतकोरही नको, काकू."

"कात्री आण."

"कात्री पूजेत आहे," काका घाईघाईने म्हणाले. इतक्या वर्षांत कात्रीची बाजू घेताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. "आज तिला हात लावायचा नाही."

"पूजा कसली केलीत? तिच्या कामाचीच ना?" काकूंनी पाटावरचं फूल उचलून बाजूला ठेवलं. "हयातभर काम केलं तिने. आता काय, वर फूल वाहून कोपऱ्यात उभी करायची?"

काकांनी दाराकडे पाहिलं. सुतार फळीवर पेन्सिलीने खुणा करत होते. मग त्यांनी विमानाच्या पोटातल्या निऱ्या सोडायला घेतल्या.

"साडी माझी आहे, मी कापते," काकू म्हणाल्या, आता जरा हळू. "तुम्ही नुसती धरा."

काकांनी दोन्ही हातांत टोक धरलं. कापड असं ताणलं गेलं की त्यावर पाणी ठेवलं असतं तरी सांडलं नसतं. डोळे मिटले. काकूंनी कात्री लावली. पात्यावरचं ओलं कुंकू अंजिरी काठाला लागलं, आणि कर्र करत कात्री पुढे निघाली. निम्म्यावर आली असेल नसेल, काकांनी डोळे उघडले.

"सरळ घे गो," ते म्हणाले. "डावीकडे चाललीस."

काकूंनी सुईदोऱ्याने एकच पातळ थर पंखांवर ताणून शिवला. कटिंगवाल्याने नाकातली दोऱ्याची गुंडाळी काकांकडे न बघता हळूच कापून खिशात घातली. काकांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. शेठ आले तोवर तीनचार गिऱ्हाइकंही आली होती, सुतार उठून उभे राहिले होते.

बटण दाबलं. तीच मोटर, तीच भुणभुण. विमान फरशीवरून निघालं, पण या वेळी खुरडत नव्हतं. एक फेरी झाली. दुसरीत शेपटी उचलली. तिसऱ्या फेरीत बटणांची चाकं फरशीवर वाजायची थांबली.

आधी आवाज गेला, म्हणूनच आम्हाला कळलं. खाली पाहिलं तर विमानाची सावली विमानापासून सुटली होती. वीतभर, मग गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं. अंजिरी पंखांतून दाराचा उजेड आरपार दिसत होता. काका जागच्या जागी त्याच्याबरोबर गोल फिरत होते. त्यांचा एक हात, तळवा खाली करून, हवेतून पुढे सरकत होता, साडीवरून फिरवतात तसा.

मग दोऱ्याची गाठ सुटली. विमान वर्तुळ सोडून सरळ निघालं, शेठच्या पोटाजवळून गेलं आणि पहिल्या गादीवर उतरून, पांढऱ्या चादरीवरून घसरत, लोडाला टेकून थांबलं.

शेठनी विमानाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि सुतारांना म्हणाले, "वो काउंटर उधर कोने में लगाओ. ये गादी को हात नाय लगाना." शेठना पैज आठवत होती की नव्हती, हे मला आजही माहीत नाही. काकांनी कधी विचारलं नाही.

गिऱ्हाइकांतल्या एक बाई पुढे झाल्या. "काका, ते विमानावरचं दाखवा ना. त्यात अजून रंग आहेत?"

"ते कापलेलं आहे, ताई," काका म्हणाले. ते गादीवर जाऊन बसले, विमान उचलून मागे लोडावर ठेवलं, आणि घडीची एक साडी हातात घेतली. "बसा. सबंध दाखवतो."

पुढे मला एका शाळेत प्रयोगशाळेतली नोकरी लागली. तिच्या अर्जासाठी काकांनीच माझ्या मागे भुंगा लावला होता. "सायन्स बिलिंगमध्ये सडतंय" असं ते गिऱ्हाइकांनाही सांगत. काका-काकू आता चाळ सोडून नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर गेलेत. गेल्या महिन्यात आईला साडी घ्यायला दुकानात गेलो. पहिली गादी जागेवर, काका गादीवर. आणि बरोबर त्यांच्या डोक्यावर, छताच्या हुकाला दोऱ्याने बांधलेलं अंजिरी विमान.

"काका, हे काय? टांगलंत?"

"उडून झालंय त्याचं," ते म्हणाले. "उडालेलं टांगलं तर चालतं."

मला पोचवायला ते दारापर्यंत आले. त्यांच्या चालण्यात काहीतरी वेगळं वाटत होतं, काय ते कळेना. दाराशी ते थांबले, आणि त्यांच्याबरोबरच त्यांची पँटही थांबली. मी खाली पाहिलं. दुमड नव्हती.

माझी नजर त्यांच्या लक्षात आली. "नव्या घरात लिफ्टच्या दारात अडकायची," ते तोंड फिरवून म्हणाले. "हिने कापली. मी आपली धरून दिली."